शरीरात बसवल्या जाणाऱ्या धातूच्या इम्प्लांटवर (कृत्रिम सांधा वगैरे) पातळ थर चढवल्याने नेमका काय फायदा होतो आणि तो थर शरीरात टिकतो का?

प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि माझ्या मते दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मी निर्वात कक्षात धातूंवर पातळ थर चढवण्याचे काम करतो. या क्षेत्रात थर कशाचा आहे याची चर्चा भरपूर होते, पण तो खालच्या धातूला किती घट्ट धरून राहील याची मात्र पुरेशी होत नाही.

आधी फायद्याबद्दल. इम्प्लांटचा धातू निवडताना ताकद आणि वारंवार येणारा भार सोसण्याची क्षमता पाहिली जाते. हाडाच्या पेशी, रक्त किंवा जिवाणू यांचा संबंध मात्र फक्त पृष्ठभागाशी येतो. त्यामुळे आतील धातू तसाच ठेवून वरचे काही नॅनोमीटर किंवा मायक्रोमीटर बदलले, तर शरीराची प्रतिक्रिया बदलता येते. टायटॅनियमकडे ही सोय निसर्गतःच आहे. हवेत येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि त्याच थरामुळे तो शरीरात गंजत नाही. स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात हाड टायटॅनियमला थेट जुळून येते असे आढळले, त्यातही या ऑक्साइडचा मोठा वाटा आहे.

हाड लवकर जुळावे म्हणून हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा, लेप देतात. खुब्याच्या सांध्यांवर तो १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. तो सहसा प्लाझ्मा फवारणीने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून भुकटी फवारून, देतात, आणि त्याची जाडी ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक असल्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने पातळ थर म्हणता येत नाही. प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेत भुकटीचा काही भाग विघटित होतो आणि लेपाचा तो भाग शरीरात लवकर विरघळतो. स्पटरिंगने, म्हणजे निर्वात कक्षात आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून ते धातूवर बसवण्याच्या पद्धतीने, एक मायक्रोमीटरच्या आसपासचा, दाट आणि अधिक चांगली पकड असलेला थर मिळतो. तो मात्र बहुधा अस्फटिक (अणूंची नियमित मांडणी नसलेला) असतो आणि त्यातील कॅल्शियम व फॉस्फरसचे १.६७ हे प्रमाण सहज ढळते, म्हणून त्याला नंतर उष्णता देऊन स्फटिकरूप द्यावे लागते.

आता पकडीबद्दल. स्पटरिंगपूर्वी नमुना अल्ट्रासॉनिक पात्रात ॲसिटोनने आणि मग अल्कोहोलने धुतला जातो. कक्षात ठेवल्यावर थर देण्याआधी त्यावर आर्गॉनच्या आयनांचा मारा केला जातो, जेणेकरून उरलेली मळी निघून जावी. एवढे करूनही कडेला बोटाचा पुसटसा ठसा राहिला, तर थर बहुधा तिथूनच सुटू लागतो. पकड तपासण्यासाठी हिऱ्याचे गोलसर टोक थरावरून ओढत त्यावरील भार हळूहळू वाढवतात आणि मग तो ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुरुवातीला खाच स्वच्छ असते, पुढे तिच्यात आडव्या बारीक भेगा दिसू लागतात, आणि एका ठिकाणी दोन्ही कडांचे पापुद्रे उडून खालचा धातू उघडा पडलेला दिसतो. त्या ठिकाणचा भार हे पकडीचे माप. थरात साठलेला अंतर्गत ताण जास्त असेल, तर ही जागा फार लवकर येते, म्हणूनच जाड थर नेहमी चांगला असे समजू नये.

ही चाचणी उत्तम झाली तरी काम संपत नाही, हे हिऱ्यासारख्या कार्बनच्या थराने दाखवून दिले. १९९० च्या दशकात खुब्याच्या सांध्याच्या गोलकांवर हा अतिशय कठीण आणि गुळगुळीत थर देऊन ते रुग्णांमध्ये बसवले गेले. पहिले वर्ष-दीड वर्ष सारे ठीक दिसले, पण साडेआठ वर्षांपर्यंत त्यांपैकी जवळपास निम्मे सांधे बदलावे लागले. थरातील सूक्ष्म छिद्रांतून शरीरातील द्रव आत शिरतो, थर आणि धातू यांच्यामधला भाग हळूहळू झिजवतो, आणि वरून निर्दोष दिसणारा थर खालून सुटत जातो. सुटलेले कठीण कण सांध्यात अडकून गोलक ज्यात फिरतो त्या प्लास्टिकच्या वाटीला घासतात. म्हणजे झीज कमी करण्यासाठी दिलेला थर तुटला की झीज वाढवतो. टायटॅनियम नायट्राइडच्या सोनेरी थरालाही हा धोका आहे.

म्हणूनच घासणाऱ्या पृष्ठभागासाठी मी बाहेरून चढवलेल्या थरापेक्षा धातूतूनच वाढवलेल्या थराला प्राधान्य देईन. झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातू हवेत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याच्या पृष्ठभागाचेच रूपांतर सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीच्या झिर्कोनियाच्या (झिर्कोनियमच्या ऑक्साइडच्या) थरात होते. त्यात धातूकडून ऑक्साइडकडे होणारा बदल क्रमाक्रमाने होतो, त्यामुळे पकड चांगली राहते. तरीही खालचा धातू तुलनेने मऊ असल्याने जोराचा ओरखडा या थरालाही भेदू शकतो.

संसर्ग रोखण्यासाठी चांदीचे लेपही वापरात आहेत, विशेषतः ट्यूमर काढल्यानंतर बसवल्या जाणाऱ्या मोठ्या सांध्यांवर. तिथे मात्रेचा तोल सांभाळावा लागतो, कारण जिवाणूंना मारणारे चांदीचे आयन वाढले, तर हाडाच्या पेशींनाही घातक ठरतात.

शस्त्रक्रियेआधी लेप असलेले इम्प्लांट मागावे का, असेही आपण विचारले आहे. इम्प्लांट हाडात सिमेंटने बसवणार असतील, तर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा उपयोग नाही, कारण हाड त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सिमेंटविना बसवणार असतील, तर लेप खोडाच्या (इम्प्लांटच्या हाडात जाणाऱ्या दांड्याच्या) कोणत्या भागावर आहे आणि त्याच मॉडेलचे दहा किंवा अधिक वर्षांचे रुग्णांमधील निकाल उपलब्ध आहेत का, हे शल्यविशारदांना जरूर विचारा. प्रयोगशाळेतील झिजेचे आकडे कितीही चांगले असले, तरी त्या निकालांची जागा घेऊ शकत नाहीत.