श्रावणात तोरणमाळला ओढ्याकाठी सालीसकट पडलेल्या कुजक्या फांदीवर बुरशीचे दांड्याचे, दोनेक सेंमी तोंडाचे गुलाबी पेले दिसले. ही सार्कोसायफा का? खाता येते का?

तुमच्या वर्णनावरून कुकेना वाटते, म्हणजे उष्ण प्रदेशातली एक कप बुरशी (पेल्याच्या आकाराची). श्रावणातला पाऊस, सालीसकट पडलेली फांदी, दांड्यावर उभा दोनेक सेंमी तोंडाचा पेला, सगळं जुळतं. सार्कोसायफा म्हणून नेटवर दिसणारी लालभडक बुरशी याच कुळातली, पण ती थंड प्रदेशात हिवाळ्या-वसंतात येते. सातपुड्यात भर पावसाळ्यात आधी कुकेनाच तपासा.

जात ओळखायला पेला वरून नाही, बाजूने बघा. दहा पटीचं भिंग पुरे. बाहेरच्या अंगावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे लांब, ताठ केस असले तर कुकेना ट्रायकोलोमा. केस आखूड आणि काठालगत वलयांत असले तर कुकेना स्पेसिओसा (जुन्या पुस्तकांत सल्सिपिस). रंगावरून ठरवाल तर हमखास फसाल. दोन्हींत पिवळट ते लाल छटा मिळतात आणि पेला वाळला की रंग उडतो. जोराच्या सरीनंतर केस अंगाला चिकटतात, म्हणून नमुना आधी निथळू द्या.

दांडा नसलेली लाल चकती आणि काठाला काळ्या पापण्या असल्या तर ती स्क्युटेलिनिया. पेल्यात मसुरीसारखे चपटे दाणे दिसले तर सायथस; ती आपल्याकडे शेणखतावरही येते, पण कप बुरशीच नव्हे.

मायक्रोस्कोप मिळाला तर शंका उरत नाही. आतल्या अस्तराचा ब्लेडने पातळ काप घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, ४०० पटीला बघा. लांबट नळ्या आणि प्रत्येकीत आठ लंबगोल बीजाणू (बुरशीचे बियांसारखे कण) दिसतात. त्यांच्यावरच्या उभ्या रेघा बारीक असतात, त्यासाठी भिंगाला तेलाचा थेंब लावून १००० पटीला बघावं लागतं. आयोडीनचं मेल्झर द्रावण टाकल्यावर नळीचं टोक निळं झालं तर ती पेझिझा, ही दुसरी कप बुरशी. कुकेनाचं होत नाही. बीजाणूंचा ठसा घ्यायचा तर अळंबीच्या छत्रीसारखा पेला पालथा घालू नका. पेला बीजाणू वर उडवतो, म्हणून काच तोंडाच्या पाचेक मिलिमीटर वर धरून डबी रात्रभर झाका.

नमुना कागदी पाकिटात, फांदीच्या तुकड्यासकट ठेवा. प्लास्टिकमध्ये एका दिवसात बुळबुळीत होतो. सातपुड्यातच, पण जळगाव जिल्ह्यात असलेल्या यावल अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. तिथे मोजपट्टी शेजारी ठेवून बाजूने फोटो काढा, तो वरच्या फोटोपेक्षा कितीतरी उपयोगी.

खाण्याचं म्हणाल तर नेटवरच्या ओळखीवर कुठलीच रानबुरशी तोंडात घालू नका, हीसुद्धा नाही.