गाठ तुमची, करिअर मुलीचं

मुलीने कानाची सर्जन व्हावं म्हणून तुम्ही लिहिलेल्या पत्रात मार्कांवर अर्धं पान आहे, पण मी अडकले ते एका ओळीवर: ‘सराव परीक्षेत घसरल्यापासून आम्ही तिच्याशी मोजकंच बोलतो.’ हे आधी थांबवा. अबोल्याने बारावीतली मुलगी अभ्यासाला लागत नाही, मार्क लपवायला शिकते.

तुमचा त्रास मला कळतो. ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टरकडे गेलात, कानातला मळ समजून महिनोन्‌महिने थेंब घातलेत आणि शेवटी निघाली ती मळ तयार करणाऱ्या ग्रंथींची गाठ, सेरुमिनस ॲडेनोमा. कर्करोग नव्हता, हे फार बरं झालं. पण ‘मी भोगलं त्यावर माझ्या मुलीनेच इलाज करावा’ हा निर्धार तुमचा आहे. तिला काय वाटतं, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

‘दुर्मिळ गाठींची तज्ज्ञ झाली की स्पर्धाच उरणार नाही,’ असं तुम्ही लिहिता. हा हिशेबच चुकीचा आहे. केवळ कानाच्या नळीतल्या अशा गाठींवर कोणाचीही प्रॅक्टिस चालत नाही. नावाजलेल्या कान सर्जनकडेही त्या क्वचितच येतात; बाकी दिवसभर वाहणारे कान, फाटलेले पडदे आणि खराखुरा मळच असतो. आणि गाठ सापडते ती याच रोजच्या कामात. एकाच कानातला ‘मळ’ औषधाने हटत नाही म्हटल्यावर जो मायक्रोस्कोपखाली नीट बघतो, सीटी स्कॅन करून हाड झिजलंय का ते तपासतो, त्याच डॉक्टरला ती सापडते. नीट, एमबीबीएस, मग कान-नाक-घसा विषयात एमएस, हा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच.

ज्या सवयीवर तुम्ही चिडलात, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. ‘माझ्या रिपोर्टमधले पेशींचे फोटो बघत बसते, वेळ घालवते.’ अहो, तुमची गाठ साधी आहे हे सर्जनने नुसतं बघून ठरवलेलं नाही. या गाठीभोवती वेष्टन नसतं, आणि वरवरच्या तुकड्यावरून ती साधी की कर्करोगाची हे दर वेळी सांगता येत नाही. म्हणून ती पूर्ण काढतात. मग पॅथॉलॉजिस्ट बघतो, ग्रंथींमधले पेशींचे आतला-बाहेरचा असे दोन्ही थर शाबूत आहेत का, त्या पेशी शेजारच्या भागात घुसल्यात का. तुमचं निदान तिथे झालं, आणि तुमची मुलगी नेमकं तेच बघत बसते.

पॅथॉलॉजीलाही एमबीबीएस लागतंच. पण पेशींचीच ओढ असेल तर जीवशास्त्रातली पदवी आणि पुढे संशोधन, हाही तितकाच भक्कम मार्ग आहे. सर्जरी तिच्यावर लादू नका. आज तो रिपोर्ट घेऊन तिच्याजवळ बसा, फोटोत काय दिसतं ते तिच्याकडून समजून घ्या आणि मार्कांचा विषय काढू नका. मग तिला काय व्हायचंय ते विचारा.

आणि तुमची स्वतःची कानाची तपासणी चुकवू नका. थोडा जरी अंश राहिला असेल तर अशी गाठ पुन्हा वाढू शकते.