सोडा म्हटलं तरी कुणी सोडत नाही

"शिक्षकांना कितीदा सांगितलं, नको ती कामं कमी करा. सगळे दमलेत, पण सोडत कुणी काहीच नाही." एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका सांगत होत्या. हाताखाली माणसं असलेल्या अनेकांची हीच तक्रार असते, म्हणून बाईंच्या परवानगीने, त्यांची ओळख न देता लिहिते आहे.

मी विचारलं, मूल उशिरा आलं तर नोंद कुठे होते? फाटकावर शिपाई वहीत लिहितो, वर्गशिक्षिका हजेरीपटावर शेरा मारतात, पर्यवेक्षक संध्याकाळी एक्सेलमध्ये भरतात.

"यातलं तुम्ही काय बघता?"

"फाटकावरची वही."

"आणि एक्सेल कुणी सुरू केलं?"

"मीच."

गाठ इथे होती. मुख्याध्यापिकांनी सुरू केलेली नोंद पर्यवेक्षक कसे बंद करणार? उद्या पालक भांडायला आले तर बोलणी कुणाला बसतील, हे त्यांना पक्कं ठाऊक. ‘जमेल तसं कमी करा’ म्हणणं म्हणजे जोखीम त्यांच्या गळ्यात घालणं.

शिवाय काढून टाकणं माणसाला पटकन सुचतही नाही. 2021 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. लेगो या खेळण्यातल्या विटांचं छत भक्कम करायचं होतं. एक वीट काढली की काम भागत होतं आणि जास्तीच्या प्रत्येक विटेला पैसे पडत होते. तरी वीट काढली 41 टक्के लोकांनी. ‘काढायला पैसे पडत नाहीत’ एवढं आधी सांगितल्यावर 61 टक्के. वरिष्ठाने स्पष्ट शब्दांत मुभा द्यावी, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

बाईंनी सूचना वहीत लिहिलं: ‘एक्सेलची नोंद आजपासून बंद. कुणी विचारल्यास उत्तर मी देईन.’ खाली सगळ्यांच्या सह्या. मग सभेत विचारलं, कोणतं काम थांबवलं तर मुलांचं काही बिघडणार नाही? बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक नव्या शिक्षिका म्हणाल्या, "प्रत्येक उपक्रमाचे फोटो तीन-तीन ग्रुपवर टाकणं." तेही तिथल्या तिथे बंद झालं.

"पण लोक सैलावले तर?" बाईंना धास्ती होतीच. मी म्हटलं, वर्गातलं शिकवणं बघा, सैलावलं तर तिथे दिसेल. आणि मोकळा झालेला तास लगेच नव्या उपक्रमाने भरू नका.

परवा संस्थेच्या सचिवांनी नवी स्पर्धा सुचवली. बाईंनी विचारलं, "घेऊ या, पण मग चालू असलेलं कोणतं बंद करू?" सचिवांनी विचार करायला वेळ मागितला आहे.