ज्ञानेश्वरी, गीतारहस्य की गीता प्रवचने : सारांशाच्या वाटेला जाऊ नका

गीता समजून घेण्यासाठी ज्ञानेश्वरी, गीतारहस्य आणि गीता प्रवचने यांपैकी कोणता ग्रंथ घ्यावा, असे आपण खानापूरहून विचारले आहे आणि शेवटी, वाचनालयातील गृहस्थांनी 'मूळ ग्रंथ झेपणार नाही, आधी सारांश वाचा' असे सांगितल्याचा उल्लेख आहे. त्या एका वाक्यामुळेच हे सविस्तर लिहीत आहे, कारण हाच सल्ला मलाही मिळाला होता.

बेळगावातील एका वाचनालयात मी गीतारहस्य मागितले, तेव्हा मूळ ग्रंथ कुलूपबंद कपाटात असून त्यासाठी समितीची परवानगी लागेल, असे सांगून माझ्या हातात एक पातळ सार-पुस्तिका ठेवण्यात आली. अर्ज दिला, पण समितीची बैठक काही भरली नाही. त्या पुस्तिकेत 'फळाची आशा न धरता कर्म करा' यापलीकडे काहीच नव्हते, आणि टिळकांना एवढेच म्हणायचे आहे असे समजून मी पुढे कित्येक वर्षे त्या ग्रंथाकडे फिरकलो नाही. नीतीचे खरे पेच मात्र मूळ ग्रंथाच्या प्रकरण दोनमध्येच, 'कर्मजिज्ञासे'त आहेत : जीव वाचवण्यासाठी लपलेल्या माणसाचा ठावठिकाणा मारेकऱ्यांनी विचारला तर खरे सांगावे काय, दुष्काळात भुकेल्या विश्वामित्राने अभक्ष्य खाल्ले ते योग्य होते काय. टिळक महाभारतातील दाखले पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांच्या मतांशेजारी ठेवून हे प्रश्न तपासतात. सारांशात नेमकी ही तपासणीच गळते.

मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही, त्यामुळे हे केवळ एका वाचकाचे मत समजावे. एकच ग्रंथ घ्यायचा असेल, तर गीता प्रवचने घ्या. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी बंदिवानांसमोर ही अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. समोर सामान्य माणसे बसलेली असल्यामुळे विनोबांची भाषा सरळ राहिली, विचार मात्र कुठेही पातळ झाला नाही. घरात वाद घालण्याची सवय असेल, तर मात्र गीतारहस्यच घ्या. ज्ञानेश्वरी घ्याल तेव्हा प्रत्येक ओवीखाली अर्थ छापलेली प्रत पाहा, नुसते गद्य रूपांतर नको; आणि पहिल्या अध्यायाऐवजी आटोपशीर बाराव्यापासून वाचायला हरकत नाही, मग पारायण करणारे काहीही म्हणोत.

शिवाय आपल्या भागात कन्नड जाणणारा शेजारी मिळणे अवघड नाही. चोरी, हत्या, असत्य, क्रोध यांना मनाई करणारे आणि अंतरंग व बहिरंग शुद्धी यातच आहे असे सांगणारे बाराव्या शतकातील कन्नड संत बसवण्णांचे छोटेसे वचन (कन्नड गद्यकाव्य) त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या; त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागणार नाही.