गोळी सुरू झाली, बंद कधी करायची?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय 54, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत लिपिक आहे. काही वर्षांपूर्वी मिस्टरांची बायपास झाली. तेव्हा मला रात्ररात्र झोप नसायची. छातीत धडधडायचं, आता आपल्यालाही अटॅक येतोय असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल आला. फॅमिली डॉक्टरांनी रात्री घ्यायला अल्प्राझोलाम 0.25 दिली आणि पहिल्याच रात्री शांत झोप लागली. मग ती चालूच राहिली. आता सकाळी 0.5 आणि रात्री 0.5 घेते. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. दिवाळीत मुलगी पुण्याहून आली, तिने स्ट्रिप बघितली आणि ‘आई, तू ॲडिक्ट झालीस’ म्हणून रडायलाच लागली. मला इतकी लाज वाटली, की त्याच रात्रीपासून गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला, झोप पार उडाली. फोडणीचा आवाजसुद्धा सहन होईना. घाबरून परत सुरू केली. मी व्यसनी झाले का? ही गोळी कधी सुटेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी घाईचं सांगते. गोळी परत सुरू केलीत ते बरोबर केलंत. यापुढे चिडून, लाजून किंवा नवस बोलून ती एका रात्रीत बंद करू नका. बरीच वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही येऊ शकते. ‘आजपासून गोळीला हात लावायचा नाही’ असं घरच्यांनी ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला जीभ चावलेल्या अवस्थेत रिक्षात घालून आणलं, असं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

आता मुलीच्या शब्दाकडे येऊ. मी तुमच्यासारख्या बायकांना काही साधे प्रश्न विचारते. झिंग यावी म्हणून गोळी घेता का? ठरल्यापेक्षा जास्त घेऊन घरात खोटं बोलता का? चार डॉक्टरांकडून चार चिठ्ठ्या जमवता का? गोळीपायी नोकरी, पैसा, माणसं पणाला लावता का? तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तुमच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे आणि ती काढून घेतली की शरीर बंड करतं. ही सवय सांगितल्याप्रमाणे नेमाने गोळी घेणाऱ्या शिस्तीच्या माणसालाही लागते. खरं तर त्यालाच आधी लागते, कारण तो एकही डोस चुकवत नाही.

असं का होतं? मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ आवरायचं काम त्याच्याकडे. तुमची गोळी या गाबाचा जोर वाढवते, म्हणून अर्ध्या-पाऊण तासात धडधड बसते. पण बाहेरून रोज रसद येऊ लागली की मेंदू स्वतःचा बंदोबस्त सैल करतो. मग तेवढ्याच गोळीचा परिणाम कमी जाणवतो आणि 0.25 ची 0.5 होते. गोळी एकदम काढली तर आवर घालायला कुणीच उरत नाही. हात थरथरणं, घाम, फोडणीचा आवाज अंगावर येणं, हे सगळं त्यातून आलं.

पत्रात न लिहिलेली एक गोष्ट विचारते. पहाटे जाग आल्या आल्या, काही कारण नसताना छातीत धस्स होतं का? सकाळची गोळी घेतली की ओसरतं का? अल्प्राझोलाम लवकर चढते आणि लवकर उतरते. साधारण अकरा तासांत रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. पहाटेची ती घालमेल तुमच्या मूळ आजाराची नसून रात्रीची गोळी उतरल्याची असू शकते. पुष्कळ जण तिलाच आजार समजतात, ‘बघा, गोळीशिवाय माझं चालत नाही’ म्हणतात आणि सकाळचा डोस सुरू होतो. तुमचा सकाळचा डोस कसा सुरू झाला, ते एकदा आठवून बघा.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. नवरा आयसीयूत, तुम्ही रात्ररात्र जाग्या. त्या आठवड्यात ती गोळी देणं योग्यच होतं, मीही कदाचित दिली असती. माझी तक्रार वेगळी आहे. गोळी सुरू करताना ती कधी थांबवायची हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने 1988 सालीच डॉक्टरांना बजावलं होतं, की अल्प्राझोलाम ज्या गटातली आहे ती बेन्झोडायझेपिन औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरा. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘कंटिन्यू’ लिहिलं जातं आणि पेशंट ते आज्ञाधारकपणे वर्षानुवर्षं पाळतो. मी चिठ्ठीवर या गटातली गोळी लिहिली तर तिच्यापुढे बंद करायची तारीख घालते. एखादा पेशंट हसतो. म्हणतो, सुरू व्हायच्या आधीच बंद?

या गटाचं पहिलं औषध, लिब्रियम, 1960 साली बाजारात आलं आणि 1963 मध्ये व्हॅलियम. दोन्ही लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून आलेली. त्याआधीच्या झोपेच्या गोळ्या जरा जास्त झाल्या तर माणूस दगावायचा, त्यामुळे ही नवी औषधं वरदान वाटली आणि त्या मानाने ती होतीही. व्हॅलियममधलं औषध, डायझेपाम, आपल्या घरांत ‘काम्पोज’ म्हणून आलं. माझ्या आत्याच्या कपाटात बाम, सुईदोरा आणि काम्पोज एकाच डब्यात असायचं. लग्नघरात कुणी रडायला लागलं की आत्या डबा उघडायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या पिढीतल्या किती बायका ती गोळी शेवटपर्यंत घेत राहिल्या, हे माझ्या ओपीडीत मला फार उशिरापर्यंत दिसत होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने या सगळ्या गटावर सवय लागण्याचा आणि अचानक थांबवण्याचा धोका ठळक चौकटीत छापायला सांगितलं, ते 2020 मध्ये.

आता सुटेल का? सुटेल. महिने लागतील, वर्षही लागेल, आणि ते चालेल. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. पेशंटचं ऐकून वेग ठरवायचा, ही त्यांची पद्धत मला पटते. चालू डोसच्या साधारण पाच ते दहा टक्के कमी करायचं, दोन ते चार आठवडे तिथेच थांबायचं, शरीर स्थिरावलं की पुढची पायरी. थरथर वाढली तर त्याच पायरीवर आणखी थांबायचं. शक्यतो मागे जायचं नाही. अल्प्राझोलामच्या इतक्या छोट्या पायऱ्या पाडणं कठीण जातं, 0.25 ची गोळी अर्धी केली की कापणी संपते. म्हणून कित्येकदा आम्ही पेशंटला आधी याच गटातल्या क्लोनाझेपाम किंवा डायझेपामवर नेतो. ती औषधं हळू उतरतात, धक्के कमी बसतात. पण हा बदल घरी करायचा नाही. अर्धा मिलीग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे ढोबळमानाने दहा मिलीग्रॅम डायझेपाम. मिलीग्रॅमला मिलीग्रॅम असा हिशेब केला तर घात होतो.

शेवटचा तुकडा सगळ्यात चिवट. माझे एक पेशंट एसटीत कंडक्टर होते. बाकी सगळं उतरलं, पण पाव गोळी काही सुटेना. पाव गोळीत औषध ते किती! पण तिकिटाच्या पेटीशेजारी तो तुकडा कागदात गुंडाळून नसला तर त्यांना घाटात दरदरून घाम फुटायचा. आम्ही ठरवलं, तुकडा बरोबर ठेवायचा, फक्त घ्यायचा नाही. तो कागद कित्येक महिने त्यांच्या खिशात होता. त्यांच्यावर हसू नका, तुमच्या पर्समध्येही एक स्ट्रिप असणार.

गोळी कमी करताना मूळ भीतीवर वेगळा इलाज लागतो, नाहीतर सगळा खटाटोप फुकट. गरज पडली तर एस्सिटालोप्रामसारखं औषध देता येतं. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून लोक कंटाळून सोडतात. त्याची अशी तलफ लागत नाही, पण तेही थांबवायचं ते हळूहळूच. दुसरा इलाज बोलण्याचा. छातीत धडधडलं की ‘अटॅकच’ हा जो निष्कर्ष मन काढतं, तो तपासायला शिकवणारी उपचारपद्धती आहे, सीबीटी म्हणतात तिला. मिस्टरांच्या बायपासनंतर तुमची भीती नेमकी तिथेच अडकली आहे, म्हणून तुम्हाला तिचा उपयोग होईल असं मला वाटतं. प्राणायाम जरूर करा. मात्र गोळी बंद करून त्या जागी प्राणायाम, असा सौदा करू नका.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ‘टेली मानस’चा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं. पहिल्या भेटीला मुलीला बरोबर न्या. मुहूर्त बघायचाच असेल तर एवढा बघा, की परीक्षांचा हंगाम, घरातलं लग्न किंवा मिस्टरांची तपासणी त्या महिन्यात नको.

तुमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याबद्दल थोडं कडू बोलते. अल्प्राझोलाम मार्च 2014 पासून ‘एच-वन’ यादीत आहे. वेष्टनावरची लाल चौकट त्याचीच. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही, आणि विकली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. मालेगावात पोरं ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी घेतात ती बहुतेकदा हीच, आणि तुमच्या मुलीने इंटरनेटवर वाचलं ते बहुधा त्यासंबंधीचं. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डॉक्टरच्या सल्ल्याबाहेर अशी गुंगीची औषधं घेणाऱ्यांचा अंदाज 1 कोटी 18 लाख होता. मेडिकलवाल्याने ओळख जपली, पण त्याने एकदा जरी चिठ्ठी मागितली असती तर तुम्ही केव्हाच डॉक्टरांकडे परत गेल्या असत्या.

प्रश्न : मी 29 वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. क्लायंट कॉलच्या आधी हात थरथरतात. मित्राने एटिझोलाम आणि प्रोप्रॅनोलॉल एकत्र असलेली गोळी सांगितली. महिन्यातून तीन-चारदाच घेतो. सवय लागेल का? शुक्रवारी कधीकधी बीअर होते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : महिन्यात तीन-चार गोळ्यांनी तुझं शरीर तिच्यावर अवलंबून राहणार नाही. मला चिंता आहे ती मनाची. ‘गोळी घेतली म्हणून कॉल नीट झाला’ असं प्रत्येक वेळी पक्कं होत जातं. मग टीमच्या स्टँड-अप मीटिंगला गोळी, मॅनेजरशी बोलायला गोळी. त्या गोळीतल्या दोन औषधांची कामं वेगळी आहेत. हाताची थरथर आणि छातीची धडधड प्रोप्रॅनोलॉल थांबवतं, त्याची अशी सवय लागत नाही. सवयीचं औषध ते एटिझोलाम. तुला बहुधा त्याची गरजच नाही. पण दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, तेव्हा मित्राच्या सल्ल्यावर तेही घेऊ नकोस, डॉक्टरला दाखव. आणि गोळी घेतली त्या दिवशी बीअर नाही म्हणजे नाही. दोन्ही मिळून श्वास मंद करतात.

प्रश्न : सासूबाई 76 वर्षांच्या. नैराश्यासाठी बऱ्याच वर्षांपासून ‘प्लस’ नावाची गोळी घेतात. हल्ली विसरतात, दिवसा पेंगतात, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडल्या. गोळीमुळे का? बंद करू का?
— एक सून, रत्नागिरी

उत्तर : बंद करू नका, आधी वेष्टनाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ‘प्लस’ म्हणजे कित्येकदा एस्सिटालोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम. घरातल्या कुणालाच हे माहीत नसतं, सगळ्यांना ती ‘डिप्रेशनची गोळी’ वाटते. या वयात क्लोनाझेपाम शरीरात साचून राहतं. दिवसा पेंग येते, तोल जातो, विसर पडतो, आणि खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते. पंचाईत अशी, की दोन औषधं एका गोळीत बांधलेली असल्यामुळे क्लोनाझेपाम तेवढं कमी करता येत नाही. गोळी अर्धी केलीत तर नैराश्याचं औषधही अर्धं होईल. डॉक्टरांना दोन्ही औषधं सुटी लिहून द्यायला सांगा आणि मग क्लोनाझेपाम काही महिन्यांत हळूहळू उतरवायला सांगा. एस्सिटालोप्राम चालू राहू दे. त्यानेही म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरून असंच पेंगल्यासारखं होऊ शकतं, म्हणून ती एक रक्ततपासणी करून घ्या. विसरण्याची मोठी तपासणी क्लोनाझेपाम उतरल्यावर करा. आधी केलीत तर विसर गोळीचा की आजाराचा, हे कळणार नाही. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि सासूबाई डोळ्याची, सर्दीची, झोपेची अशी आणखी कुणाची गोळी घेत असतील तर सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता.