नाक, मांजर आणि दोन खुर्च्या : रशियन भाषकांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना

प्रश्न : गोव्यात मोरजीच्या आसपास राहणाऱ्या काही रशियन भाषक प्रौढांना मी इंग्रजी शिकवते. एक विद्यार्थी घरमालकाविषयी म्हणाला, 'ही इज लीडिंग मी बाय द नोज'. मला वाटलं, मालक त्याच्यावर हुकमत गाजवतो. त्याला सांगायचं होतं ते वेगळंच : मालक डिपॉझिट परत करायच्या नुसत्या तारखा देतोय. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, मग घोळ कुठे झाला? आणि अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना भर कशावर द्यावा?

उत्तर : घोळ नाकात आहे. रशियनमध्ये 'वदीत झा-नस' असा वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ 'नाकाला धरून फिरवणे', प्रत्यक्ष अर्थ थापा देऊन झुलवत ठेवणे. इंग्रजीतही नाकाला धरूनच नेतात, पण तिथे अर्थ होतो पूर्ण ताब्यात ठेवणे, म्हणजे आपल्याकडचं नाकात वेसण घालणं. चित्र तेच आणि अर्थ निराळा, त्यामुळे बोलणाऱ्याला शंका येत नाही आणि ऐकणाराही भलताच अर्थ घेऊन पुढे जातो. तुमच्या विद्यार्थ्याला हवा होता तो वाक्प्रचार 'ही इज स्ट्रिंगिंग मी अलाँग'. खोटी आशा दाखवत ताटकळत ठेवणं, हा त्याचा नेमका अर्थ आहे.

भर कुठे द्यावा याचं उत्तरही यातच आहे. इंग्रजी आणि रशियन वाक्प्रचार शेजारी ठेवले की साधारण तीन प्रकार दिसतात. काहींत चित्र आणि अर्थ दोन्ही जुळतात. काहींत चित्र वेगळं असतं पण अर्थ एकच. आणि काहींत चित्र एकच असून अर्थ फुटतो. शिकवण्याच्या याद्यांमध्ये दुसऱ्या प्रकाराची रेलचेल असते, कारण तो गमतीचा असतो. तिथे चूक झाली तरी समोरचा फार तर 'म्हणजे काय?' असं विचारतो आणि खुलासा होऊन जातो. तिसऱ्या प्रकारात कोणी विचारतच नाही. म्हणून वर्गातला निम्म्याहून जास्त वेळ या तिसऱ्या प्रकाराला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

त्यातलं सर्वात उपयोगी उदाहरण मांजराचं. 'कोत व मेश्के', म्हणजे पोत्यातलं मांजर, हे रशियनमध्ये न पाहता घेतलेल्या वस्तूसाठी वापरतात. इंग्रजीत या अर्थाला डुक्कर लागतं : 'अ पिग इन अ पोक'. यातला 'पोक' हा पिशवीसाठीचा जुना शब्द आहे आणि आजच्या प्रमाण इंग्रजीत तो जवळजवळ या एका वाक्प्रचारापुरताच उरला आहे, हे सांगून ठेवा. नाहीतर विद्यार्थी दुकानात भाजी भरायला 'पोक' मागेल. इंग्रजीत पिशवीतलं मांजरही आहे, पण ते बाहेर पडतं. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणे, बहुतेक वेळा बोलण्याच्या भरात. आता रशियन भाषकाने 'शी लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' ऐकलं, तर मालातली लपवलेली खोट तिने उघडी केली असं त्याला वाटू शकतं. न पाहता सेकंडहँड स्कूटर घेतली हे सांगायचं असेल, तर आजच्या बोलीत डुकरापेक्षा 'आय बॉट इट साइट अनसीन' जास्त सहज वाटतं. डुक्कर ओळखता आलं तरी पुरे.

पिशवीतल्या मांजराच्या वाक्प्रचारात उच्चाराचीही एक अडचण लपलेली आहे. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटी येणारं घोष व्यंजन अघोष होतं : 'ग'चा 'क', 'द'चा 'त', 'ब'चा 'प'. त्यामुळे 'बॅग'चं 'बॅक' होतं, 'लेग'चं 'लेक', 'डॉग'चं 'डॉक'. मांजर पिशवीऐवजी पाठीतून बाहेर आलं, तर ऐकणाऱ्याला वाक्प्रचार ओळखूच येत नाही. यावर सोपा उपाय आहे. शेवटच्या व्यंजनाआधीचा स्वर थोडा लांबवायला सांगा. इंग्रजी कान 'बॅग' आणि 'बॅक' यांतला फरक बराचसा त्या लांबीवरूनच ओळखतो.

दोन खुर्च्यांचंही तसंच. रशियन माणूस 'दोन खुर्च्यांवर बसतो' तेव्हा तो एकाच वेळी दोन परस्परविरोधी बाजूंचा फायदा उकळत असतो. त्यात धूर्तपणाचा आरोप असतो. इंग्रजीतला माणूस दोन स्टुलांच्या मधे पडतो : 'फॉल बिट्वीन टू स्टूल्स'. त्याच्या हाती दोन्हींपैकी काहीच लागत नाही, आणि त्यात धूर्तपणा असतोच असं नाही. धड इतिहास नाही आणि धड कादंबरी नाही अशा पुस्तकाबद्दलही इंग्रजीत हेच म्हणतात. रशियन खुर्च्यांना जवळचा इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे 'रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स', सशाबरोबर पळायचं आणि कुत्र्यांबरोबर शिकारही करायची. मराठीतली दोन्ही डगरींवर हात ठेवणारी मंडळी रशियन खुर्च्यांच्या जवळची आहेत.

मग बर्फ. 'ल्योद त्रोनुल्स्या', बर्फ हललं, हे रशियन माणूस अडलेलं काम एकदाचं मार्गी लागलं की म्हणतो. हिवाळाभर गोठलेल्या नद्या वसंतात फुटून वाहू लागतात, त्यावरून हे आलं आहे. इंग्रजीतलं 'ब्रेक द आइस' लोकांमधला संकोच मोडण्यासाठी आहे. व्हिसाच्या अर्जावर महिन्यांनी उत्तर आलं म्हणून विद्यार्थी 'द आइस इज ब्रोकन' म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटेल की अधिकाऱ्याशी गप्पा रंगल्या. तिथे 'थिंग्ज आर फायनली मूव्हिंग' म्हणावं. पंचाईत अशी की संकोच मोडण्याच्या अर्थी बर्फ फोडणं किंवा वितळवणं रशियनमध्येही चालतं. त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्याला येतोच, असं विद्यार्थी खात्रीने सांगतील. ती खात्री तपासून पाहा.

हत्तीवर मात्र एक अख्खा तास घालवला तरी चालेल. रशियनमधलं माशीचा हत्ती करणं म्हणजे आपला राईचा पर्वत. इंग्रजीत चिचुंद्रीसारख्या मोल या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाचा डोंगर होतो. काचसामानाच्या दुकानात इंग्रजीत बैल घुसतो, रशियनमध्ये हत्ती. इथपर्यंत नुसती जनावरांची अदलाबदल आहे. खरा पेच 'द एलिफंट इन द रूम' इथे आहे. इंग्रजीतला हत्ती सगळ्यांना दिसत असतो, फक्त त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. रशियन कानात मात्र 'हत्ती तर माझ्या लक्षातच आला नाही' हे वाक्य शाळेपासून घुमत असतं. ते इव्हान क्रिलोवच्या १८१४ सालच्या एका पद्यकथेतलं आहे. तिच्यातला माणूस पीटर्सबर्गच्या कुन्स्तकामेरा संग्रहालयात किडे, माश्या बारकाईने पाहून येतो आणि हत्तीच बघायचा राहतो. म्हणजे इंग्रजीतलं मौन जाणूनबुजून आहे आणि रशियनमधलं दुर्लक्ष नकळत. 'खोलीतला हत्ती' शब्दशः भाषांतर होऊन आजच्या रशियनमध्येही आला आहे. तरी फरक नीट समजावायचा तर विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारा : तो दिसला होता का? आणि मग गप्प का बसलात?

'वन्स इन अ ब्लू मून' शिकवताना 'कधीतरी' आणि 'कधीच नाही' यांची सरमिसळ होते. निळा चंद्र म्हणजे सठीसहामाशी. गोष्ट क्वचित होते, पण होते. रशियनमधलं 'गुरुवारच्या पावसानंतर' म्हणजे कधी कोण जाणे, बहुतेक कधीच नाही. त्या टोकाला इंग्रजीत डुकरं उडतात, रशियनमध्ये खेकड्याच्या जातीचा नदीतला राक टेकडीवर जाऊन शिट्टी मारतो आणि आपल्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो. फळ्यावर एक रेघ ओढून एका टोकाला 'क्वचित' आणि दुसऱ्याला 'कधीच नाही' लिहा आणि हे सगळे वाक्प्रचार विद्यार्थ्यांनाच तिच्यावर मांडू द्या.

शुभेच्छांमध्ये चूक झाली तर माणूस दुखावतो, म्हणून त्या वेगळ्या काढा. परीक्षेला निघालेल्याला रशियन लोक 'नि पूखा नि पेरा' म्हणतात : ना मऊ पीस मिळो, ना मोठं पीस. शिकाऱ्याला उलट शुभेच्छा देण्याच्या रिवाजातून हे आलं आहे. त्याला ठरलेलं उत्तर आहे 'क चोर्तू', म्हणजे सैतानाकडे जा. आभार मानणं तिथे अपशकुनी समजतात. इंग्रजीतल्या 'ब्रेक अ लेग'मागेही उलट शुभेच्छेचाच विचार असल्यामुळे विद्यार्थ्याला तो चटकन कळतो, आणि मग तो सवयीने सैतानाचं नाव घेऊन उत्तर देतो. इंग्रजीत उत्तर फक्त 'थँक्स'. शिवाय पाय मोडण्याची ही शुभेच्छा मुख्यतः रंगमंचावर जाणाऱ्यासाठी आहे. शस्त्रक्रियेला निघालेल्या शेजाऱ्याला साधं 'गुड लक' किंवा 'होप इट गोज वेल' म्हणावं.

ज्यांत फक्त चित्र बदलतं, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका. न्यूकॅसलला, म्हणजे कोळशाच्याच गावी, कोळसा नेणं म्हणजे रशियनमध्ये तुला शहरात आपला समोवार घेऊन जाणं. तुला मॉस्कोच्या दक्षिणेला आहे आणि समोवारांसाठी प्रसिद्ध आहे. एका दगडात दोन पक्षी, तर रशियनमध्ये एका गोळीत दोन ससे. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लं मोजू नका असं इंग्रजी सांगते, रशियन लोक ती शरदात मोजतात, आणि आपल्याकडे बाजारात तुरी असतानाच भांडण जुंपतं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' जवळपास प्रत्येक यादीत असतं. पण रोजच्या बोलण्यात ते आता जुनाट वाटतं, लोक 'इट्स पोअरिंग' म्हणतात. रशियन पाऊस 'बादलीतून ओतल्यासारखा' पडतो आणि ब्रिटिश बोलीत 'इट्स बकेटिंग डाउन' आहेच. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर तेच लवकर बसेल.

आता व्याकरण. रशियनमध्ये 'अ' आणि 'द' नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे इथे शिक्षकालाही डोळ्यांत तेल घालावं लागतं. 'अंडर द वेदर'मधला 'द' गळला की तब्येत बरी नसल्याचा अर्थ हरवतो. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण 'ही किक्ड अ बकेट' म्हटलं तर त्याने खरोखर कुठल्यातरी बादलीला लाथ मारली असा अर्थ होतो. म्हणून वाक्प्रचार आर्टिकलसकट, एका दमात म्हणवून घ्या. कोणता वाक्प्रचार किती वाकतो हेही दाखवा. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, कारण तिथे सांडणं म्हणजे उघड करणं आणि शेंगदाणे-घेवडे जे काही असेल ते गुपित, अशी शब्दागणिक फोड करता येते. 'किक द बकेट'ची तशी फोड होत नाही, म्हणून 'द बकेट वॉज किक्ड' म्हणताच मरणाचा अर्थ नाहीसा होतो.

रशियन भाषकांना इथे एक गोष्ट जन्मजात अवगत असते, तिचा फायदा घ्या. त्यांच्या क्रियापदांना पूर्ण आणि अपूर्ण असे दोन 'वीद' असतात, म्हणजे क्रिया पुरी झाली की चालू आहे हे दाखवणारी रूपं. 'किक द बकेट' पूर्ण वीदचं आहे एवढं सांगितलं, की 'ही इज किकिंग द बकेट फॉर थ्री वीक्स' असं वाक्य ते पुन्हा करणार नाहीत. 'स्ट्रिंग अलाँग' अपूर्ण वीदचं, लांबत जाणारं. आणि बादलीला लाथ मारणं कोणाच्या आजीसाठी कधीही नाही, हे त्याच दमात सांगा. रशियनमध्ये 'खोक्यात गेला' किंवा 'खूर झाडले' जिथे शोभत नाहीत, तिथे तेही शोभत नाही. तिथे 'पास्ड अवे' म्हणावं.

एका तासाला तीन-चारच वाक्प्रचार घ्या. आधी प्रसंग सांगा आणि विद्यार्थ्याकडून रशियन वाक्प्रचार काढून घ्या, मग इंग्रजी द्या. वहीत चित्र, अर्थ आणि 'कोण कोणाला म्हणतो' असे तीन रकाने असू द्या. तिसरा रकाना बहुतेक वह्यांमध्ये नसतो, आणि चुका तिथेच होतात. पुढच्या तासाला मुद्दाम चुकीचं वाक्य देऊन दुरुस्त करायला लावा. काही वाक्प्रचारांपुढे 'फक्त ओळखायचा' अशी खूण करा. सगळेच बोलण्यात यायला हवेत असं नाही.

काही रशियन वाक्प्रचारांना इंग्रजीत जोडीदार नाही, आणि विद्यार्थी ते हमखास शब्दशः उचलून आणतात. 'मी यात कुत्रा खाल्लाय' म्हणजे यात माझा हातखंडा आहे. इंग्रजीत 'आय नो इट इनसाइड आउट'. 'त्याने माझ्या कानांवर नूडल्स टांगल्या' म्हणजे त्याने मला थापा मारल्या. याला 'पुलिंग माय लेग' देऊ नका, ती नुसती फिरकी असते. नूडल्समध्ये खोटेपणा आहे. 'तुला कुझ्माची आई दाखवतो' म्हणजे सरळ इंगा दाखवतो. १९५९ साली मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर हे म्हटलं आणि दुभाष्याची पंचाईत झाली, कारण आईचं शब्दशः भाषांतर करून धमकी पोहोचत नाही. 'आय विल टीच यू अ लेसन' म्हटलं की ती पोहोचते. आणि 'पहिला ब्लिन गोळाच होतो', म्हणजे पहिला घावन बिघडतोच, याला 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट' जोडू नका. त्या इंग्रजी म्हणीत उपदेश आहे, रशियन म्हणीत धीर आहे. तिथे साधं 'द फर्स्ट ट्राय नेव्हर कम्स आउट राइट' शिकवा.