एक कडेवर, एक पोटात

या वेळच्या पत्रांत चित्र जवळपास एकच आहे. दीड-दोन वर्षांचं मूल अजून अंगावर पितं, कुशीत झोपतं, कडेवरून उतरायला तयार नाही, आणि आईला पुन्हा दिवस राहिले आहेत. ‘आता सगळं सोडव’ हा सल्ला प्रत्येकीला मिळालेला दिसतो. सगळं सोडवायची वेळ क्वचितच येते. उलट ज्या गोष्टी लगेच बदलायला हव्यात, त्यांचं नावही कुणी काढत नाही. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगी २० महिन्यांची आहे आणि मला अकरावा आठवडा चालू आहे. ती दिवसातून चार-पाचदा अंगावर पिते. पाजल्यामुळे गर्भ पडतो, असं घरात सगळे म्हणतात. शिवाय आता पाजताना इतकं दुखतं की दातओठ खावे लागतात. सोडवू का?

भीती बिनबुडाची नाही, अर्धवट आहे. मूल ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्यानं पान्हा फुटतो. बाळंतपणाच्या कळा आणणारं संप्रेरकही हेच. पण ते पकडणारी ग्राहकं गर्भाशयावर सुरुवातीच्या महिन्यांत अगदी थोडी असतात, ती वाढतात शेवटच्या आठवड्यांत. तोवर पिशवी त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून गरोदरपण सुरळीत असेल तर पाजायला हरकत नसते. पाजताना ओटीपोट थोडं आवळलं आणि नंतर सैल पडलं, तर ते चालतं.

हरकत कधी असते? आधीचं बाळंतपण मुदतीआधी झालं असेल, रक्तस्राव होत असेल, जुळी असतील, गर्भाशयाचं मुख आखूड असेल किंवा त्याला टाका घातलेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. एक सोपा निकष लक्षात ठेवा : शरीरसंबंध टाळायला सांगितलं असेल तर पाजण्याबद्दलही विचारायचं, कारण ऑक्सिटोसिन दोन्हीकडे सुटतं. आणि ३७ आठवड्यांच्या आत, पाजणं थांबवूनही तासाभरात चार-सहा वेळा पोट आवळत राहिलं तर लगेच दवाखाना गाठा.

दुखण्याचं मूळ संप्रेरकांत आहे, त्यामुळे मलमानं ते जात नाही. त्रास कमी मात्र करता येतो. मोठी झालेली मुलं आळसानं नुसतं टोक तोंडात धरून चोखतात. तोंड मोठं उघडायला लावा, नाहीतर बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पाजण्याला मर्यादा घाला : मी दहा म्हणेपर्यंत, मग बास. २० महिन्यांच्या मुलीला हा करार कळतो. पहिले चार दिवस ती रडेल, पण आकडा रोज तोच ठेवला तर मान्य करेल. आज दहा आणि उद्या तीस केलंत तर मात्र करार संपला.

चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत दूध बहुतेकींचं कमी होतं. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला कारण असतं, त्यामुळे जास्त वेळा पाजून, पंप लावून किंवा दूध वाढवणारी चूर्णं घेऊन ते वाढत नाही. पैसे वाया घालवू नका. चवही बदलून खारट होते. काही मुलं या टप्प्यावर आपणहून सोडतात, काही कोरडंच चोखत राहतात. साधारण सोळाव्या आठवड्यापासून चीक तयार होऊ लागतो. तो सारक असल्यानं मुलीला शी पातळ झाली तर दचकू नका. ती पिते म्हणून येणाऱ्या बाळाचा चीक संपून जाईल, असंही होत नाही.

तुमची मुलगी जेवते, त्यामुळे दूध आटलं तरी तिचं अडणार नाही. मूल वर्षाच्या आतलं असतं तर आमचं उत्तर वेगळं असतं. त्या वयात दूध हाच मुख्य आहार असतो. तेव्हा दर पंधरवड्याला वजन बघावं लागतं आणि वरचं दूध कोणतं व किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं लागतं.

सोडवायचंच ठरवलं तर एका वेळी एकच पाजणं बंद करा आणि पुढचं चार-पाच दिवसांनी. आधी दुपारचं, झोपतानाचं सगळ्यात शेवटी. स्तन दाटले तर दडस कमी होईल इतकंच दूध हातानं काढा, पूर्ण रिकामे केलेत तर शरीर पुन्हा तेवढंच बनवेल.

तुमच्या पोटाचं म्हणाल तर भूक लागेल तेव्हा खायचं. दोघांची मागणी एकाच शरीरावर आहे. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची आहे. लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहा-कॉफीसोबत घेतली की लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये दोन तास सोडा.

प्रश्न : १२ किलोच्या मुलाला उचलू नको म्हणतात. पण तो दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. कधीपर्यंत उचललं तर चालेल?

तारीख ठरलेली नसते. गरोदरपण निरोगी असेल तर स्वतःच्या मुलाला उचलल्यानं गर्भाला इजा होत नाही. भार पडतो तो आईच्या कंबरेवर, ओटीपोटाच्या सांध्यांवर आणि पोटाच्या मधल्या रेषेवर. या काळात अस्थिबंध सैल झालेले असतात आणि पाचव्या महिन्यापासून तोलही पुढे सरकतो.

कमरेत वाकून उचलू नका. एक पाय पुढे टाकून गुडघ्यात बसा, मुलाला छातीशी घ्या, उठताना श्वास सोडा. श्वास रोखून उठलं की सगळा दाब खाली जातो. त्याहून बरं म्हणजे त्यालाच वर येऊ द्या. पलंगाशी, खुर्चीशी, बेसिनशी एकेक बुटकं, न हलणारं स्टूल ठेवलं की दिवसातल्या उचलण्यातलं बरंचसं टळतं. दीड वर्षाच्या मुलाला चढायला आवडतंच.

एकाच कडेवर घ्यायची सवय सगळ्यात महाग पडते, कारण त्यात ओटीपोट तिरकं होतं. जांघांच्या मध्ये पुढच्या हाडावर किंवा माकडहाडाच्या बाजूला कळ येत असेल तर कडेवर घेणं बंदच करा, जिने चढताना एकेक पायरी घ्या आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. कॅरियर वापरत असाल तर मूल पाठीवर, शक्य तितकं उंच. कंबरपट्टा पोटाच्या खाली बसवा किंवा कंबरपट्टा नसलेला प्रकार घ्या. पोटावरून आवळलेला पट्टा नको. पाठीवर घेताना मूल पलंगावर उभं करून घ्या, नाहीतर चढवतानाच तोल जातो. पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा दिसत असेल तर सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठा.

मुलाला हवी असते ती जवळीक, उंची नव्हे. तुम्ही जमिनीवर बसलात की तो मांडीत येतो. ‘उचल’ म्हणाला की ‘नाही’ न म्हणता खाली बसा. यानं दर वेळी भागत नाही, हेही खरं.

प्रश्न : मुलगा पाळणाघरात जातो आणि सतत सर्दी आणतो. त्याच्याकडून मला काही धोका आहे का?

हाच तो प्रश्न, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सर्दीपेक्षा काळजी करण्यासारखा विषाणू म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. लहान मुलांना, त्यातही पाळणाघरातल्या मुलांना, तो सहज होतो. मूल ठणठणीत दिसतं आणि लाळेतून व लघवीतून महिनोन्‌महिने तो बाहेर टाकत राहतं. गरोदर आईला पहिल्यांदाच लागण झाली तर तो गर्भापर्यंत जाऊ शकतो. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणामागे हे एक प्रमुख कारण असतं. पूर्वी होऊन गेला असला तरी धोका कमी होतो, संपत नाही.

मुलाला दूर ठेवायचं नाही, फक्त लाळ आणि लघवी तुमच्या तोंडापर्यंत पोचू द्यायची नाही. त्याचं उष्टं खायचं नाही, त्याचा चमचा, पेला, टूथब्रश वापरायचा नाही. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ करायची नाही. पापी ओठांवर नको, कपाळावर किंवा डोक्यावर घ्या. लंगोट बदलल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर, भरवल्यावर साबणानं निदान २० सेकंद हात धुवा. लाळ लागलेली खेळणीही धुवा. हे सगळं जमेल तितकं करा. एखादी चूक झाली म्हणजे लागण झाली असं नाही.

कांजिण्या, किंवा गाल एकदम लालभडक करणारा पार्व्होव्हायरस पाळणाघरात आल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुरळ दिसायची वाट बघू नका. कांजिण्यांच्या संसर्गात प्रतिबंधक इंजेक्शनचा उपयोग ठरावीक दिवसांतच होतो. आणि आई गरोदर आहे म्हणून मुलाची गोवर-गालगुंड-रुबेलाची लस पुढे ढकलू नका. जिवंत विषाणूची ती लस गरोदर आईला देत नाहीत, मुलाला द्यायलाच हवी.

प्रश्न : मळमळीवर औषध नको आहे. वनस्पतींवर आधारित काय घेऊ?

आल्याच्या बाजूनं चांगला पुरावा आहे. सुंठीच्या हिशेबानं दिवसाला १ ग्रॅमपर्यंत, तीन-चार वेळांत विभागून. ब ६ जीवनसत्त्वही चालतं, मात्रा डॉक्टरांना विचारून. बाकी ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेचा दाखला नाही. कळा याव्यात म्हणून घेतलेलं एरंडेल आतड्यांत पेटके आणि जुलाब आणतं. रेटिनॉलच्या रूपातलं अ जीवनसत्त्व रोज १०,००० आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा (गोळीच्या वेष्टनावर ‘IU’) जास्त पोटात गेलं तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. काढे, चूर्णं, सुगंधी तेलं यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद व कमी होत असेल, तर घरगुती उपाय पुरे झाले.

प्रश्न : बाळ यायच्या आत लंगोट सोडवायचा आहे.

प्रसूतीला तीन महिने किंवा जास्त असतील आणि मूल ‘शू आली’ सांगत असेल तर सुरू करा. नाहीतर बाळ आल्यावर तीन-चार महिन्यांनी. मधल्या काळात शिकवलेलं हमखास विसरलं जातं, आणि मग राग मुलावर निघतो.

प्रश्न : आम्ही सगळे एका गादीवर झोपतो. बाळ आल्यावर कसं झोपायचं?

नवजात बाळाला आईच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या, कडक, सपाट गादीवर झोपवणं सगळ्यात सुरक्षित, निदान पहिले सहा महिने. उशी, लोड, मऊ दुलई नको. बाळ आणि मोठं मूल शेजारी-शेजारी कधीही नको : दोन वर्षांचं मूल झोपेत हातपाय टाकतं आणि त्याला जाग येत नाही. क्रम असा ठेवा : बाळाची गादी, आई, वडील, मग मूल. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, घरात कुणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल तर बाळाला आपल्या गादीवर घेऊन झोपू नका. सोफ्यावर तर मुळीच नाही.

मुलाची जागा बदलायची ती प्रसूतीच्या दोन-तीन महिने आधी. बाळ घरी आलं त्याच रात्री हलवलं तर हकालपट्टी कुणी केली हे त्याला बरोबर कळतं. रात्री उठवून पाणी देणं, थोपटणं हे काम आतापासून वडिलांकडे द्या. २८ आठवड्यांनंतर तुम्ही झोपताना कुशीवर झोपा, डावी-उजवी कोणतीही चालेल. जाग आल्यावर पाठीवर असाल तर घाबरायचं नाही, वळायचं.

प्रश्न : दोघांना पाजायचं असेल तर आधी कुणाला?

पहिले तीन-चार दिवस चीक असतो, तोवर आधी बाळाला, मग मोठ्याला. दूध भरून आलं की क्रमाला तेवढं महत्त्व राहत नाही. उलट स्तन दगडासारखे झाले किंवा धार इतकी जोरात आली की बाळाला ठसका लागतो, तर मोठ्याला दोन मिनिटं आधी लावा. एकदम पाजायचं असेल तर आधी बाळाची पकड नीट बसवा, मग मोठ्याला येऊ द्या. तो स्वतःची सोय करून घेतो. मध्ये स्तन धुवायची गरज नाही.

बाळाला पुरतंय का, हे त्याच्याकडेच बघून कळतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं, पाचव्या दिवसापासून किमान सहा ओले लंगोट, १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत. यातलं काही कमी पडलं तर मोठ्याचं पाजणं घटवा आणि बाळाला दाखवा.

दुसऱ्या बाळंतपणानंतर पाजताना पोटात येणाऱ्या कळा पहिल्या खेपेपेक्षा जोरदार असतात. आता पिशवी ऑक्सिटोसिनला पुरेपूर दाद देते. दोन-तीन दिवसांत त्या ओसरतात. मोठ्याला पाजताना अंगावर काटा येणं, त्याला ढकलून द्यावंसं वाटणं हेही बऱ्याच जणींना होतं. त्यात माया कमी झाल्याचा प्रश्न नाही. पुन्हा दहा आकडे मोजायला लागा.

प्रश्न : दिवसभर मुलीच्या मागे असते, त्यामुळे पोटातल्या बाळाची हालचाल जाणवतच नाही. सातवा महिना संपला आहे.

आई चालत-फिरत असली की बाळ डुलून झोपतं, आणि जागं असलं तरी आईचं लक्ष दुसरीकडे असतं. मुलगी झोपली की भांडी राहू द्या. कुशीवर पडा, हात पोटावर ठेवा, फोन बाजूला. दोन तासांत दहा हालचाली मोजता यायला हव्यात. बहुतेक वेळा त्या खूप आधीच होतात. तुमच्या बाळाची रोजची लय चार-पाच दिवसांत ओळखीची होईल. ती एखाद्या दिवशी मंदावली, बदलली, किंवा दहा पूर्ण झाल्या नाहीत तर गोड खाऊन वाट बघत बसू नका, सकाळचीही नको. त्याच वेळी दवाखान्यात फोन करून निघा. मुलीला कुणाकडे सोडायचं आणि मध्यरात्री कुणाची बेल वाजवायची, हे आजच ठरवून ठेवा, कारण दुसऱ्या खेपेला प्रसूती बहुधा पहिलीपेक्षा लवकर आटपते. त्या माणसाकडे मुलगी आधी एक-दोन रात्री राहिलेली असू दे.